बारा मिनिटांचे बाबा

"या घरचा कावळासुद्धा नुसत्या जेवणावर यायचा नाही. त्याला आधी कार्यक्रम लागतो," कुंदावहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या.

कुंदावहिनी माझ्या मोठ्या जाऊ. पुटपुटणं हा त्यांचा जोडधंदा. आम्ही दोघी मागीलदारी पडवीत पदर खोचून उभ्या होतो. समोर परसातल्या दगडी गडग्यावर केळीचं पान. पानावर वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर, भात. पाऊण वाजून गेला होता. फणसावर दोन कावळे बसले होते आणि दोघेही शेजाऱ्यांच्या घराकडे तोंड करून.

भाद्रपदातला म्हाळ होता. सासऱ्यांच्या नावाने पान ठेवायचं, कावळ्याने शिवायचं, मग घरातल्यांनी जेवायचं. सगळीकडे असतं तसंच. आमच्याकडे फक्त मधे एक कॅसेट असायची.

"दादांना हाक मारा आता," मी म्हटलं. "लावू दे एकदाची."

"सेल आणायला गेलेत. पहाटेपासून पोटात चहाशिवाय काही नाही आणि हे सेल आणतायत."

माझे सासरे, त्यांना सगळे बाबा म्हणत, मस्कतला एका कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र आलं तर ते गुरुजींकडून वाचून घ्यायचं, म्हणजे वाडीभर व्हायचं. म्हणून बाबा कॅसेट भरून पाठवायचे. रजेवर येणारा कोणी ती आणायचा, आई त्यावर आपलं बोलणं भरायच्या आणि परत जाणाऱ्या माणसाबरोबर तीच कॅसेट मस्कतला. तिकडे बाबा ऐकायचे आणि सगळं पुसून नव्याने बोलायचे. अशी एकच कॅसेट सात वर्षं समुद्र ओलांडत होती. म्हणून बाबांचं सगळ्यात शेवटचं बोलणं तेवढं उरलं. ते त्यांच्या ट्रंकेतून घरी आलं, बाबांच्या सामानाबरोबर.

पहिल्या म्हाळाला म्हणे कावळा तीन वाजेपर्यंत फिरकला नाही. भटजी घड्याळ बघून निघून गेले. शेवटी दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, रडकुंडीला येऊन ती कॅसेट लावली. बाबांचा आवाज पडवीत घुमला आणि कावळा सरळ पानावर. तेव्हापासून दर वर्षी बाबांनी स्वतः बोलावल्याशिवाय कावळा यायचा नाही, आणि आला तरी आम्ही ते धरायचो नाही.

बारा मिनिटांचं बोलणं होतं. सोळा वर्षं ऐकून मला पाठ होतं. "हां, बोलतोय मी. आवाज येतो ना?" अशी सुरुवात. मग कलमांना खत घातलं का, विहिरीच्या कठड्याला कोणी हात लावू नका, मी आल्यावर बघतो. तुझ्या डोक्याची कळ कशी आहे, तेल लावतेस का, आठवडाभर एकटीने भात झोडू नको, बाया लाव. इथे काल तीनशे माणसांची बिर्याणी केली, मीठ जास्त झालं, कोणाला सांगू नको. मधेच स्वतःशीच हसायचे. मला हा सासरा फार आवडायचा. असा गप्पिष्ट माणूस घरात हवा होता असं वाटायचं, कारण त्यांचे दोन्ही मुलगे, दादा आणि बाहेरगावी नोकरीला असलेला माझा नवरा, अगदीच घुमे निघाले. शेवटी यायचं, "बरं तर. गणपतीला येतो म्हणतोय," आणि टक. दादा बटण दाबायचे.

ते टक मला बोलण्याचाच भाग वाटायचं.

दादा सेल घेऊन आले. ग्रामपंचायतीचे नळ सोडायचं काम होतं त्यांना. पहाटे पाचला सोडायचे, सातला बंद करायचे. माणूस वक्तशीर, कमी बोलणारा. बाबांनीच मस्कतहून आणलेला टू-इन-वन त्यांनी पडवीतल्या बाकावर ठेवला, सहाच्या सहा सेल नवे घातले, देवाला करतात तसा नमस्कार केला आणि बटण दाबलं.

"हां, बोलतोय मी. आवाज येतो—"

आवाज खाली खाली गेला. बाबा एकदम नव्वद वर्षांचे झाले. मग रेडा रेकावा तसं काहीतरी झालं आणि थांबलं.

दादांनी झाकण उघडून कॅसेट ओढली. तिच्या मागून फितीचं एक लांब आतडं बाहेर आलं.

"ओढू नका!"

हे मी ओरडले. थोरल्या दिरावर. सोळा वर्षांत मी त्यांच्यासमोर मोठ्याने शिंकलेही नव्हते. कुंदावहिनींनी पदर तोंडाला लावला. भीतीने की हसू दाबायला, ते कळलं नाही. फणसावरचे कावळे मात्र उडाले.

ओटीवरून आईंचा आवाज आला, "काय मोडलं?"

"काही नाही गो आई," दादा म्हणाले.

"मोडलं असेल तर हेमलताला बघू दे. तुझ्या हाताने ते मेलं आणखी मोडेल."

इथे माझं एक सांगायला हवं. मी शिकलेली नाही. म्हणजे दहावी आहे, पण तारा-पेचांचं मला कोणी शिकवलं नाही. बिघडलेली वस्तू उघडून बघायची मला लहानपणापासून खोड. आधी इस्त्री, मग मिक्सर, मग वाडीतले रेडिओ. चार वस्तू कायमच्या मारल्या तेव्हा पाचवी दुरुस्त झाली. पुढे तालुक्याला दुरुस्तीला टाकायच्या वस्तू लोक आधी माझ्याकडे आणायला लागले. दादांना हे आवडायचं नाही. "सुनेच्या हातात पळी शोभते, पेचकस नाही," असं ते एकदा म्हणाले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोचा मिक्सर मी दुरुस्त केला, तेव्हा त्यांनी चटणी दोनदा घेतली.

मी पेचकस आणला. पडवीतच फतकल मारून बसले. फीत रबरी चाकाभोवती गुंडाळली गेली होती. चाक वितळून चिकट झालं होतं. सुईच्या टोकाने एकेक वेढा सोडवला. फीत तुटली नव्हती, पण वीतभर चुरगळली होती. ती पाटावर पसरून अंगठ्याच्या नखाने सरळ करत गेले, आणि अंगठ्याला तांबूस भुगा लागला.

तिथे मी थांबले.

"काय झालं?" दादा डोक्यावरच उभे होते.

"फितीवरचा लेप सुटतोय. आवाज याच लेपात असतो. वीस वर्षांच्या वरची झाली ना ही."

"मग?"

"चाक पुसून, पट्टा बदलून यंत्र चालू करते मी. पण ही फीत आणखी एकदा नीट चालेल. फार तर एकदा. पुढच्या म्हाळाला नुसती खरखर येईल."

दादा बाकावर बसले.

"एकदा चालेल ना," मी म्हटलं, "तर त्या एकदाच दुसऱ्या कॅसेटमध्ये भरून घेऊ. माझा छोटा रेकॉर्डर आहे. त्याला जोडायची वायर नाही, पण माईक आहे. समोरासमोर ठेवायचे. घरात कोणी बोलायचं नाही, की झालं."

"कोरी कॅसेट आहे?"

नव्हती. दुकान तालुक्याला. कुंदावहिनी आत गेल्या आणि एक कॅसेट घेऊन आल्या. "माझ्या भावाच्या लग्नातली मंगलाष्टकं आहेत. घे पुसायला."

"अहो वहिनी, नको."

"घे गो. बायको नांदली तरी कुठे?"

त्या कॅसेटच्या पाठीवरची भोकं मी चिकटपट्टीने बुजवली, म्हणजे तिच्यावर नवं भरता येतं. दादा बघत होते. मग कुंदावहिनी आत वळल्या तसे ते माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "गणपतीपर्यंतच घ्यायचं."

"म्हणजे?"

"गणपतीला येतो, इथपर्यंत. पुढे मी बंद करतो."

"पुढे आहे काही?"

"खरखर आहे."

"खरखर असली तर असू दे. मशीन आपलं चालू—"

"हेमलता," ते म्हणाले. मला नावाने हाक मारायची त्यांची ती पहिलीच वेळ. "पुढे आईचा आवाज आहे. तिने बाबांना दिलेलं उत्तर. ते तिच्या कानावर पडायला नको."

मला कळेना. बाबांचं बोलणं एका बाजूला, तर आईंचं दुसऱ्या बाजूला नको का? दादांनी मान हलवली. आई कॅसेट कधी उलटायच्याच नाहीत. उलटली तर वरचं बोलणं खाली सांडेल, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे बाबा जिथे संपायचे तिथूनच पुढे त्या बोलायला लागायच्या.

"पण दादा, आज नाही घेतलं तर आईंचा आवाज परत मिळणार नाही. वीस वर्षांपूर्वीच्या आई आहेत त्यात."

"ठाऊक आहे."

"काय आहे एवढं त्यात?"

"नाही म्हटलं ना."

ते उठून गेले. मी कुंदावहिनींना गाठलं. त्या खिरीच्या पातेल्यावरचं झाकण काढत होत्या, परत ठेवत होत्या.

"वहिनी, पुढे काय आहे?"

"मला विचारू नको."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"मला एवढंच ठाऊक आहे की लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा हे विचारलं, तर तुझे दीर तीन दिवस जेवले नाहीत. आज आधीच सगळे उपाशी आहेत."

माझ्यापुढे पेच होता. यंत्र माझ्या हातात होतं. दादांनी बटण दाबण्याआधी मी काहीतरी कारण काढून त्यांना दूर ठेवू शकले असते. पण शब्द त्यांचा होता, आई त्यांची होती, आणि मी या घरात कितीही पेच फिरवले तरी बारा मिनिटांच्या पुढे मला कोणी बोलावलेलं नव्हतं. मी ठरवलं, दादा म्हणतील तिथे थांबवायचं.

माजघरात खिडक्या लावल्या. दोन गोधड्या घालून त्यांच्यावर दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेवली. लाइटीचा भरवसा नव्हता, म्हणून दोन्ही सेलवर. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक नको म्हणून ते काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं. कुंदावहिनींनी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. कुत्र्याला नुसता वडा देऊन खळ्यात पाठवलं, तेव्हा आईंनी ओटीवरून विचारलं, "पितरांआधी कुत्रा जेवला का रे?"

"आई, तुम्ही आता बोलायचं नाही," मी जाऊन सांगितलं. "बाबांना नव्या कॅसेटमध्ये घेतेय. मधे काही आवाज झाला तर तोही त्यात जाईल. कायमचा."

"मी आत येऊ?"

मी दादांकडे पाहिलं. त्यांनी नाइलाजाने सरकून जागा केली.

आई भिंतीला टेकून बसल्या. बहात्तर वर्षांच्या, एवढ्याशा. दादा यंत्राला लागून, बोट बटणाच्या वर अर्ध्या इंचावर. मी माझ्या रेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली, तांबडा दिवा लागला. मग मानेने खूण केली आणि दादांनी बाबांना चालू केलं.

"हां, बोलतोय मी. आवाज येतो ना?"

येत होता. चुरगळलेल्या जागी बाबा जरा पाण्याखाली गेल्यासारखे झाले आणि वर आले. कलमं आली. कठडा आला. तिकडे मागीलदारी कावळा ओरडला, एकदा, मग दोनदा, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. पानावर पंख फडफडल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं. कुंदावहिनींचे डोळे म्हणत होते, आला मेला एकदाचा. पण उठणार कोण? तो कावळा आजही त्या कॅसेटमध्ये आहे, विहिरीच्या कठड्याच्या बरोबर पाठीमागे.

डोक्याची कळ आली. तेल आलं. आई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नाही. माझ्यासारखंच त्यांनाही पाठ होतं.

"बरं तर. गणपतीला येतो म्हणतोय—"

दादांचं बोट खाली आलं आणि मधेच थांबलं. आईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. डोळे उघडलेही नव्हते. दादांनी हात सोडवायला बघितला, पण जोर करता येईना, आवाज झाला असता.

"—कायमचाच येतो म्हणतोय," बाबा म्हणाले. मी हे कधी ऐकलं नव्हतं. "छातीत जरा बरं नसतं. डॉक्टर म्हणतो, चुलीपुढे उभं राहायचं बंद करा. तर तू काय म्हणतेस ते याच्यावर सांग. तू ये म्हणालीस तर येतो."

खट्ट. मग एक कोंबडा, आणि त्याच्या मागून एक बाई. आवाज तरणा, ठणठणीत. माझ्याच वयाची कोणीतरी वाटत होती.

"मी बरी आहे. पोरं बरी आहेत. कलमांना खत घातलं. तुम्ही इतक्यात येऊ नका. भाल्याच्या व्हिसाचं तुम्ही बघत होतात ना, ते राहिलं आहे. तुम्ही इकडे आलात तर त्याचं तिकडे कोण करणार? एक वर्ष काढा. छातीला ओव्याचा शेक घ्या. बाकी काही नाही. बोला पुढच्या वेळी."

मग खरखर. ती मात्र खरीच होती.

भाल्या म्हणजे दादा. दादा कधीच मस्कतला गेले नाहीत. ही कॅसेट बाबांना पोचली त्याच्या सातव्या आठवड्यात ते गेल्याची तार आली, हे मला माहीत होतं. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी कधी बघितल्या नव्हत्या.

दादांचा चेहरा वाकडा झाला. सगळ्या गावाचे नळ वेळेवर बंद करणारा माणूस, पण डोळ्यांचं त्याला जमेना. माझ्या रेकॉर्डरचा तांबडा दिवा चालूच होता. मी हात पुढे केला, तर आईंनी दुसऱ्या हाताने मला नको अशी खूण केली.

"राहू दे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हे पण जाऊ दे त्यात."

"आई, नको," दादा म्हणाले. "तुला ऐकायला नको म्हणून मी एवढी वर्षं... माझ्यासाठी थांबवलंस तू त्यांना. मला ठाऊक आहे. माझ्यामुळे ते—"

"मला ऐकायला नको म्हणून बंद करायचास?"

"मग?"

"मला वाटायचं, तुला ऐकवत नाही म्हणून करतोस."

वीस म्हाळ झाले होते तोवर.

"अरे, तुझा व्हिसा मी आपला पुढे केला," आई म्हणाल्या. "काहीतरी सांगायला हवं ना माणसाला. तुझ्यासाठी नव्हे ते."

"मग कशासाठी?"

आईंनी त्यांचं मनगट सोडलं नव्हतं.

"घरी आले की ते बोलायचे नाहीत रे. तुला आठवत नाही? दोन महिने राहायचे. वाढ, पुरे, दिवा मालव. एवढंच. त्यांचा काही दोष नाही, समोर माणूस असलं की त्यांना सुचायचंच नाही. कॅसेटीत मात्र माझं डोकं दुखतं का विचारायचे. हसायचे. छातीचं मी ऐकलं होतं. परत मागे नेऊन दोनदा ऐकलं होतं. तरी येऊ नका म्हटलं. मला ते घरी नको होते, भाल्या. मला पुढची कॅसेट हवी होती."